परिचारिकेचे बिऱ्हाड

४ नोव्हेंबर १८५४ रोजी फ्लॉरेन्स नाइटिंगेल ३८ परिचारिकांना घेऊन इस्तंबूलला पोहोचल्या. पलीकडच्या किनाऱ्यावर स्कुटारी येथे ब्रिटिश सैन्याचे प्रचंड मोठे रुग्णालय होते. मूळची ती तुर्की सैन्याची बराक. कित्येक मैल लांबीच्या खाटांच्या रांगा मावतील एवढी ती मोठी होती, पण या बायकांनी राहायचे कुठे, याचा विचार कोणी केलेला नव्हता. त्यांच्या वाट्याला इमारतीच्या एका कोपऱ्यातील मोजक्या खोल्या आल्या. त्यातली एक स्वयंपाकाची, एक जेमतेम दहा फुटांची. वरच्या एका खोलीत एका रशियन सेनाधिकाऱ्याचे प्रेत तसेच पडून होते, असे नाइटिंगेल यांचे चरित्रकार सांगतात. दीड महिन्याने, डिसेंबरात, इंग्लंडहून मेरी स्टॅन्ली यांच्याबरोबर चाळीसहून अधिक परिचारिकांची दुसरी तुकडी येऊन थडकली. नाइटिंगेल संतापल्या. मनुष्यबळ हवे होते, पण त्याला झोपायला जागा नव्हती. या तुकडीला बॉस्फरसच्या काठी थेरापिया येथे ठेवावे लागले आणि रुग्णालयात जखमी तळमळत असताना या बायका तिकडे काम नसल्यामुळे बसून राहिल्या.

परिचर्येच्या इतिहासात स्कुटारीचा दिवा सर्वांना माहीत असतो. शाळेच्या पुस्तकांतही तो असतो. परंतु या दुसऱ्या तुकडीची गोष्ट सहसा सांगितली जात नाही, आणि मला ती दिव्याइतकीच महत्त्वाची वाटते. दूरच्या ठिकाणी परिचारिका पाठवायची असेल, तर तिच्या पगाराबरोबर तिच्या बिऱ्हाडाचाही विचार करावा लागतो. हे साधे सत्य नंतरच्या पाऊणशे वर्षांत तीन-चार वेळा नव्याने शोधून काढावे लागले. त्या शोधाची हकीकत येथे सांगायची आहे.

पहिला शोध शहरातला. लिव्हरपूलचे व्यापारी विल्यम रॅथबोन यांनी आजारी पत्नीच्या शुश्रूषेसाठी मेरी रॉबिन्सन या परिचारिकेला घरी ठेवले होते. १८५९ मध्ये पत्नी वारली. रॅथबोन यांच्या मनात आले, की आपल्यासारख्या श्रीमंताच्या घरी या बाईचा एवढा आधार वाटला, तर गरिबाच्या घरी किती वाटेल? त्यांनी मेरी रॉबिन्सन यांनाच शहरातील गरीब वस्त्यांत रुग्णसेवेसाठी नेमले. घरोघर जाणाऱ्या परिचारिकेच्या कामाची सुरुवात इथून झाली असे मानतात. रॅथबोन यांनी नाइटिंगेल यांचा सल्ला घेतला आणि लिव्हरपूलच्या रुग्णालयाशेजारी परिचारिकांची शाळा व वसतिगृह उभे राहिले. पुढे लंडनमध्ये असेच काम सुरू झाले तेव्हा, १८७६ साली, नाइटिंगेल यांनी ‘टाइम्स’ दैनिकाला एक मोठे पत्र लिहिले. त्यात त्यांचा मुख्य आग्रह परिचारिकांच्या घराचा होता. जी बाई दिवसभर गलिच्छ खोल्यांत राबते तिला रात्री भाड्याच्या तशाच खोलीत एकटीने राहायला लावले, स्वतःचे अन्नपाणी स्वतः करायला लावले, तर एक तर ती आजारी पडेल किंवा तिचे काम हळूहळू त्या खोलीच्या पातळीला येईल, असे त्यांचे म्हणणे. स्वच्छ घर, वेळेवर जेवण आणि बरोबरीच्या चार जणींची सोबत ही त्यांच्या मते चैन नव्हती, कामाचे साधनच होते. १८८७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवात स्त्रियांनी जमवलेल्या निधीतील ७०,००० पौंड अशा परिचारिकांच्या संस्थेसाठी देण्यात आले, आणि ‘क्वीन्स नर्स’ ही पदवी रूढ झाली.

लंडन-लिव्हरपूलमध्ये एका घरात सहा-सात परिचारिका राहू शकतात आणि पायी आपापल्या वस्तीत जाऊ शकतात. जिथे दोन घरांमध्ये डोंगर नाही तर समुद्राची खाडी आहे, तिथे काय करायचे?

हा प्रश्न १९१२ मध्ये स्कॉटलंडच्या उत्तर भागात उभा राहिला. आदल्या वर्षी ब्रिटनमध्ये राष्ट्रीय विमा कायदा झाला होता. पगारदार कामगाराच्या मजुरीतून काही पेन्स कापायचे, मालकाने व सरकारने त्यात भर घालायची आणि त्यातून डॉक्टरचा खर्च भागवायचा, अशी ती योजना. पण स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखात व बेटांवर पगारदार होते कुठे? तिथले लोक जमिनीचे लहान तुकडे कसणारे आणि मासेमारी करणारे. ज्याला मालकच नाही त्याची वर्गणी कापायची कोणी? सर जॉन ड्यूअर यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमण्यात आली. हा प्रदेश म्हणजे स्कॉटलंडचे जवळजवळ निम्मे क्षेत्रफळ आणि लोकवस्ती मात्र तीन लाखांच्या आसपास. समितीचे सदस्य बोटीतून, घोडागाडीतून बेटोबेटी हिंडले आणि त्यांनी शेकडो लोकांच्या साक्षी घेतल्या. कितीतरी गावांत माणूस कशाने मेला याचा डॉक्टरी दाखला मिळण्याची सोय नव्हती. एकेका डॉक्टरकडे मैलोन्‌मैल पसरलेला मुलूख. परिचारिका थोड्या, आणि ज्या होत्या त्यांना राहायला धड घर नाही. शेतकऱ्याच्या दोन खोल्यांच्या घरात, त्याच्या कुटुंबाबरोबर एका कोपऱ्यात राहायचे. अशी परिचारिका टिकणार किती दिवस?

ड्यूअर समितीचा अहवाल १९१२ च्या डिसेंबरात आला आणि १९१३ मध्ये कायदा होऊन दरवर्षी ४२,००० पौंडांचे अनुदान मंजूर झाले. या पैशाचा विनियोग पाहण्यासारखा आहे. डॉक्टरला किमान उत्पन्नाची हमी मिळाली. रोग्याकडे जायचा प्रवासखर्च सरकारने उचलला, त्यामुळे वीस मैलांवरच्या रोग्याला शेजारच्या रोग्याइतकीच फी पडू लागली. आणि परिचारिकांच्या नेमणुकीबरोबर राहण्याच्या सोयींसाठीही पैसा देण्यात आला. मध्ये महायुद्ध आले, बांधकामे रेंगाळली. तरी १९२९ पर्यंत या योजनेत १६० डॉक्टर व १७५ परिचारिका काम करीत होत्या. १९४८ मध्ये संपूर्ण ब्रिटनसाठी जी राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली, तिची रंगीत तालीम या ओसाड बेटांवर झाली असे म्हणता येते.

१९२४ साली ही योजना पाहण्यासाठी एक अमेरिकन बाई स्कॉटलंडमध्ये आल्या. त्यांचे नाव मेरी ब्रेकिन्‌रिज. या लेखाची नायिका कोणी असेल तर त्याच.

मेरी यांचा जन्म १८८१ चा, एका बड्या घराण्यातला. आजोबा अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष होते. वडील रशियाच्या दरबारी अमेरिकेचे वकील होते. पहिले लग्न झाल्यावर दोन वर्षांतच, १९०६ मध्ये, पती वारले. मग त्यांनी न्यूयॉर्कच्या सेंट ल्यूक्स रुग्णालयात परिचर्येचे शिक्षण घेतले. दुसऱ्या विवाहापासून दोन अपत्ये झाली. मुलगी दिवस भरण्याआधीच जन्मली आणि काही तासांत गेली. मुलगा चार वर्षांचा होऊन १९१८ च्या जानेवारीत गेला. तो विवाहही टिकला नाही. पहिल्या महायुद्धानंतर त्या उद्ध्वस्त फ्रान्समध्ये मुलांच्या व बाळंतिणींच्या मदतकार्यात होत्या. तिथे त्यांना ब्रिटिश परिचारिका भेटल्या. या परिचारिका सुईणपणाचे रीतसर शिक्षणही घेतलेल्या होत्या. अमेरिकेत तेव्हा असा प्रकारच नव्हता. तिथे परिचारिका ही एक जात आणि सुईण ही दुसरी. पहिली शिकलेली, रुग्णालयातली. दुसरी गावातली, बहुधा निरक्षर, परंपरेने काम करणारी. दोन्ही विद्या एकाच बाईच्या हाती आल्या तर काय होईल, हा विचार मेरी यांनी तिथे उचलला.

१९२३ च्या उन्हाळ्यात त्यांनी केंटकी राज्याच्या पूर्व भागातील डोंगराळ मुलूख घोड्यावरून पालथा घातला. सुमारे ७०० मैल. वाटेत ५३ गावठी सुइणींच्या मुलाखती घेतल्या. मग वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी त्या लंडनला गेल्या, सुईणपणाची परीक्षा उत्तीर्ण झाल्या, आणि तिथून स्कॉटलंडला. ड्यूअर समितीचे एक सदस्य सर लेस्ली मॅकेन्झी यांनी त्यांना योजनेची घडण समजावून दिली. २८ मे १९२५ रोजी केंटकीची राजधानी फ्रँकफर्ट येथे एका समितीची स्थापना झाली. १९२८ पासून तिचे नाव ‘फ्रंटियर नर्सिंग सर्व्हिस’.

काम सुरू झाले लेस्ली काउंटीत. पक्का रस्ता एकही नाही. रेल्वेचे स्थानक शेजारच्या काउंटीत. वाट म्हणजे बहुधा ओढ्याचे पात्र. उन्हाळ्यात दगडांतून, पावसात पाण्यातून आणि हिवाळ्यात बर्फावरून जायचे. पदवीधर डॉक्टर काउंटीत नव्हता. सर्वप्रथम मेरी यांनी काय केले असेल, तर घरोघर जाऊन जन्म-मृत्यूंची पाहणी करवली. यासाठी स्कॉटलंडहूनच बर्ट्राम आयर्लंड या बाईंना बोलावले. सुरुवातीची आकडेवारी नसेल तर पुढे सुधारणा झाली की नाही हे कळायचे कसे, हा त्यामागचा विचार. समाजकार्य करणाऱ्यांत ही वैज्ञानिक शिस्त त्या काळी दुर्मिळ होती. (आजही फार सुलभ झाली आहे असे नाही.)

दुसरे काम घरे बांधण्याचे. हायडेन गावापासून चार-पाच मैलांवर, नदीकाठी, वेन्डोव्हर नावाचे ओंडक्यांचे मोठे घर १९२५ मध्येच उभे राहिले. मग एकामागून एक ठाणी. पहिले बीच फोर्क येथे, मग पॉसम बेंड, रेड बर्ड, फ्लॅट क्रीक, ब्रूटस, बोलिंगटाऊन. १९३० च्या सुमारास हायडेनचे छोटे रुग्णालय व वेन्डोव्हर धरून आठ ठिकाणे झाली होती आणि त्यांच्या टापूत सुमारे ७०० चौरस मैलांचा मुलूख येत होता.

ठाण्याची रचना ठरलेली होती. राहण्याच्या खोल्या, त्याला लागून दवाखान्याची खोली, पाण्याची सोय, घोड्यांचा तबेला, दुधाला गाय. साधारणपणे एका ठाण्यात दोघी परिचारिका. एक बाळंतपणाला गेली तर दुसरी दवाखाना पाही. कुठे गावकऱ्यांनी जमीन दिली, कुठे लाकूड, कुठे अंगमेहनत. बाळंतपणाची फी पाच डॉलर, त्यात आधीची तपासणी व नंतरची देखभाल आली. एरवीच्या शुश्रूषेसाठी प्रत्येक कुटुंबाने वर्षाला एक डॉलर द्यायचा. रोकड नसेल तर कडबा, कोंबड्या किंवा कुंपण दुरुस्त करून द्यायचे. फुकट काही नाही, हा नियम लोकांच्या स्वाभिमानाला धरून होता. आणि वेन्डोव्हरला रोज दुपारी चहा. इंग्रज परिचारिकांनी आणलेली ही रीत तिथे इतकी रुजली, की संस्थेच्या आठवणी लिहिणारे कोणीही तिचा उल्लेख केल्यावाचून राहत नाही. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असते. या बायकांचे अर्धेच पाठीवर होते, म्हणजे घोड्याच्या खोगीरपिशव्यांत. उरलेले अर्धे ठाण्यात चुलीवर उकळत असे.

या खोगीरपिशव्याही पाहण्यासारख्या. एक जोडी बाळंतपणाची, दुसरी सर्वसाधारण कामाची. आतून पांढरे कापडी अस्तर, सहज सुटणारे, प्रत्येक बाळंतपणानंतर धुऊन उकळायचे. शिवाय पिशवीत एक पुस्तिका. कोणत्या लक्षणाला काय करायचे, कोणते औषध किती द्यायचे, कोणत्या क्षणी थांबून डॉक्टरला बोलवायचे, हे लेक्सिंग्टनच्या डॉक्टरांच्या समितीने ठरवून दिलेले असे. डॉक्टर पन्नास मैलांवर असला तरी त्याचा निर्णय परिचारिकेच्या पिशवीत असे. आजच्या आरोग्यसेवेत अशा कार्यपद्धतींना फार महत्त्व आहे. त्या घोड्याच्या पाठीवर वाढल्या, हे ध्यानात ठेवावे.

आता ठाण्यांमधले अंतर. प्रत्येक घर परिचारिकेपासून साधारण पाच मैलांच्या आत असावे, असा संस्थेचा दंडक होता. पाचच का? शिक्षकांना हे गणित वर्गात घेता येईल. डोंगरी वाटेवर घोडा ताशी तीन-चार मैल चालतो. पाच मैलांना दीड तास. पण हा दीड तास दोनदा मोजायचा असतो. टेलिफोन नाही, त्यामुळे आधी नवऱ्याने खेचरावर बसून ठाण्यावर यायचे आणि मग परिचारिकेने निघायचे. म्हणजे पहिली कळ ओळखल्यापासून मदत पोहोचेपर्यंत तीन तास. त्या भागात सात-आठ बाळंतपणे झालेल्या बायका पुष्कळ. अशा बाईचे बाळंतपण बहुधा सहा-आठ तासांत उरकते. तीन तास चालतात. आता त्रिज्या दहा मैल करा. तीनचे सहा तास होतात, आणि परिचारिका पोहोचते ती नाळ कापायला.

मग त्रिज्या अडीच मैलच का ठेवू नये? इथे दुसरी बाजू येते. पाच मैल त्रिज्येच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे ७८ चौरस मैल. पण वर्तुळे एकमेकांना चिकटून ठेवली तर मध्ये मोकळ्या जागा उरतात. त्या झाकायच्या तर वर्तुळे एकमेकांवर चढवावी लागतात, आणि प्रत्येकाच्या वाट्याला प्रत्यक्षात त्यात बसणारा षट्‌कोनच येतो. मधमाश्यांच्या पोळ्याचेच हे गणित. त्या षट्‌कोनाचे क्षेत्रफळ सुमारे ६५ चौरस मैल. ७०० ला ६५ ने भागले तर अकरा ठाणी लागतात. प्रत्यक्षात आठच होती, म्हणजे कडेच्या लोकांना पाचाहून अधिक मैल पडत असणार. त्रिज्या दहा मैल केली तर तीन ठाण्यांत भागेल. अडीच केली तर चाळीसहून अधिक लागतील. अंतर निम्मे केले की वेळ निम्मा होतो, पण घरे चौपट लागतात. आणि परिचारिकेला ठाणेच दिले नाही, ती काउंटीच्या गावी सोयीच्या जागी राहू लागली, तर टोकाच्या वस्तीपर्यंत पंधरा-वीस मैल. जाऊन-येऊन दहा-बारा तास. अशा सेवेत परिचारिका कितीही निष्णात असली तरी उपयोग नाही. तिचे कौशल्य आणि तिचे अंथरूण यांचा असा थेट संबंध आहे.

परिणाम काय झाला? संस्थेच्या नोंदी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन आयुर्विमा कंपनीचे संख्याशास्त्रज्ञ लुई डब्लिन यांनी तपासल्या. पहिल्या एक हजार बाळंतपणांत गरोदरपण किंवा बाळंतपण हेच थेट कारण असलेला एकही मातामृत्यू त्यांना आढळला नाही. त्या काळी अमेरिकेचे राष्ट्रीय प्रमाण दर हजार जन्मांमागे सहा ते सात मातामृत्यू असे होते. ही सेवा देशभर मिळाली तर वर्षाला १०,००० मातांचे प्राण वाचतील, असे डब्लिन यांनी म्हटले.

या आकड्याकडे थोडे संशयाने पाहणे आपले कामच आहे. सरासरी साडेसहा मृत्यूंची अपेक्षा असताना केवळ योगायोगाने शून्य येण्याची शक्यता किती? पॉयसाँच्या सूत्राने ती हजारात एक-दोनदा एवढी निघते. तेव्हा हा नुसता योगायोग नव्हे. पण इतर आक्षेप उरतात. राष्ट्रीय आकड्यात महानगरांतील रुग्णालये येतात, आणि तिथे त्या वेळी बाळंतपणात विनाकारण चिमटे लावण्याची व भूल देण्याची मोठी हौस होती. न्यूयॉर्क ॲकॅडमी ऑफ मेडिसिनने १९३३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत शहरातील सुमारे दोन तृतीयांश मातामृत्यू टाळता येण्याजोगे होते असे निघाले, आणि त्यातला मोठा दोष डॉक्टरांच्या पदरात पडला. म्हणजे केंटकीच्या यशाचा काही भाग हा शहरांच्या अपयशाचा होता. तरीही पुढची अनेक वर्षे, हजारो बाळंतपणांत, संस्थेचे मातामृत्यूचे प्रमाण देशाच्या सरासरीपेक्षा बरेच कमी राहिले. तेव्हा श्रेय नाकारता येत नाही. यात नवे औषध कोणते होते? कोणतेही नाही. उकळलेले अस्तर, गरोदरपणी वेळोवेळी घेतलेला रक्तदाब आणि लघवीची तपासणी, न घाई करणारे हात, आणि दीड तासावरचे घर. सल्फा औषधे १९३५ नंतर आली आणि मग सगळीकडेच मातामृत्यू झपाट्याने उतरले. त्याआधीचा हा काळ आहे.

डब्लिन यांची सूचना मात्र कोणी उचलली नाही. केंटकीचे काम मुख्यतः श्रीमंतांच्या देणग्यांवर चालले. मेरी ब्रेकिन्‌रिज दरवर्षी न्यूयॉर्क, बोस्टन, शिकागो करीत व्याख्याने देत पैसे जमवीत. त्या व्याख्यानांची एक बाजू सांगितल्यावाचून पुढे जाऊ नये. डोंगरातले हे गरीब लोक अस्सल इंग्रज-स्कॉटिश रक्ताचे आहेत, म्हणून ते जगले पाहिजेत, असा सूर त्या धनिकांपुढे लावीत. वर्णाच्या बाबतीत त्यांची मते त्यांच्या वर्गाची व काळाचीच होती, आणि कृष्णवर्णीय परिचारिकांना त्यांच्या संस्थेत स्थान नव्हते. देशात प्रशिक्षित सुईणीची सर्वांत जास्त गरज दक्षिणेतील कृष्णवर्णीय वस्त्यांना होती हे लक्षात घेतले, म्हणजे यातील विसंगती कळते.

संस्थेतील परिचारिका आल्या कुठून, हाही मनोरंजक भाग आहे. अमेरिकेत सुईणपण शिकवणारी सोय फारशी नसल्याने एक तर अमेरिकन परिचारिकेला शिष्यवृत्ती देऊन ब्रिटनला पाठवायचे, किंवा ब्रिटिश परिचारिकेला ठरावीक मुदतीच्या कराराने केंटकीत आणायचे, असे दोन मार्ग होते. त्यामुळे अटलांटिकच्या दोन्ही बाजूंनी परिचारिकांची ये-जा चाले. लंडनच्या गल्ल्यांत शिकलेली मुलगी केंटकीत घोड्यावर बसायला शिके, आणि केंटकीची मुलगी लंडनच्या गरीब वस्त्यांत शेकडो बाळंतपणे पाहून परत येई. तात्पुरत्या नेमणुकीचा हा फायदा हिशेबात सहसा धरला जात नाही. रिकामी जागा तर भरतेच, पण येणारी बाई आपल्याबरोबर दुसरीकडची पद्धत घेऊन येते आणि जाताना इथली घेऊन जाते. काही जणी जातही नाहीत. १९२८ मध्ये इंग्लंडहून आलेल्या बेटी लेस्टर युद्धकाळात मायदेशी गेल्या, परत आल्या आणि हायडेनच्याच होऊन राहिल्या.

या पद्धतीचा धोकाही १९३९ मध्ये दिसला. युद्ध पेटताच ब्रिटिश परिचारिका देशसेवेसाठी परतू लागल्या आणि ठाणी ओस पडायची वेळ आली. बाहेरून येणाऱ्यांवर विसंबलेली सेवा बाहेरच्या घडामोडींनी कोसळते. मेरी यांनी त्याच वर्षी नोव्हेंबरात हायडेनला स्वतःची सुईणशाळा सुरू केली. आज ती फ्रंटियर नर्सिंग युनिव्हर्सिटी म्हणून ओळखली जाते. महायुद्धानंतर रस्ते झाले, घोड्यांच्या जागी जीपगाड्या आल्या. मेरी ब्रेकिन्‌रिज १६ मे १९६५ रोजी वारल्या.

आज ‘ट्रॅव्हल नर्स’ म्हटले की अमेरिकेतील वेगळीच व्यवस्था डोळ्यांपुढे येते. तिचा उगम १९७० च्या दशकाच्या अखेरीचा. न्यू ऑर्लिन्स शहरात मार्डी ग्रा उत्सवाच्या गर्दीसाठी बाहेरगावच्या परिचारिका आणल्या गेल्या, तिथून ही पद्धत सुरू झाली असे सांगतात. मधल्या संस्था परिचारिकांना बहुधा तेरा आठवड्यांच्या कराराने गावोगाव पाठवतात. प्रसूतिरजा, हंगामी साथी, ऐन थंडीत ऊबदार राज्यांत येणारे वृद्ध, अशा कारणांनी पडणारे खड्डे त्यांनी भरायचे. पगाराबरोबर एक तर सामानसुमानासह लावलेले घर मिळते, किंवा घरभाड्याचा भत्ता. मध्यस्थ संस्था परिचारिकेला जे आमिष दाखवतात त्यात घराला बरेच वरचे स्थान असते. स्कुटारीच्या खोल्यांपासून हे अंतर मोठे आहे खरे. पण इथे घर रोग्याच्या जवळ हवे म्हणून दिलेले नसते, परिचारिका यावी म्हणून दिलेले असते. हेतू बदलला आहे. कोविडच्या काळात, २०२० व २०२१ मध्ये, या करारांचे दर इतके चढले की कायम नोकरीतल्या परिचारिका शेजारच्या खाटेजवळ तेच काम करणाऱ्या पाहुणीच्या पगाराकडे पाहून अस्वस्थ झाल्या, आणि काहींनी नोकऱ्या सोडून स्वतःच प्रवास पत्करला.

त्याच साथीत, मे २०२० मध्ये, महाराष्ट्र शासनाने केरळकडे मुंबईसाठी ५० डॉक्टर व १०० परिचारिका मागितल्या. त्या मागणीतही पगाराबरोबर राहण्या-जेवणाच्या सोयीचा उल्लेख होता. आपल्याकडे या प्रश्नाचे रोजचे रूप मात्र ग्रामीण उपकेंद्राच्या निवासस्थानाचे आहे. सपाट प्रदेशात ५,००० आणि डोंगराळ व आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, असा दंडक आहे. यात माणसे मोजलेली आहेत, मैल मोजलेले नाहीत. मुख्यालयी राहण्याचा विषय शिक्षकवाचकांना परका नाही, तेव्हा तिथे न राहणाऱ्या नर्सबाईंच्या अडचणीही त्यांना सांगायला नकोत. पाणी नसलेले क्वार्टर, कडी न लागणारे दार, मुलांची शाळा तालुक्याला, रात्रीबेरात्री एकटीने दार उघडायचे. बीच फोर्कला दोघी होत्या, हे इथे आठवते.

विद्यार्थ्यांकडून एक उपक्रम करवून घेता येईल. आपल्या तालुक्याचा नकाशा घ्यावा आणि प्रत्येक उपकेंद्राभोवती पाच किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढावे. मग घाट, नदी, पूल लक्षात घेऊन, ‘एका तासात जिथून जिथे पोहोचता येते’ अशी रेषा त्यावर वेगळ्या रंगाने काढावी. वर्तुळाचा आकार राहत नाही. तो कुठे दबतो, कुठे वाटेच्या बाजूने लांबतो. मग परिचारिका रात्री जिथे मुक्कामाला असते ते ठिकाण केंद्र धरून तीच रेषा तिसऱ्या रंगाने काढावी. भामरागड किंवा धडगावसारख्या तालुक्यात ही रेषा पावसाळ्यासाठी पुन्हा चौथ्या रंगाने काढावी लागेल. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो, आणि नदीपलीकडचे सगळे ठिपके त्या रेषेच्या बाहेर राहतात.